झाकण डोक्यात पडतंय? टेकूला शिव्या देण्याआधी त्याचं बूड बघा

मे महिन्याच्या शेवटी पैठणला, नाथसागराच्या काठावर आमची जुनी मॅटाडोर लावली होती. पत्र्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, म्हणून टपावरचं झाकण पूर्ण उघडं टाकलेलं. चारच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि मागोमाग वळवाचा वारा. झाकण एकदा वर उचललं गेलं, टेकू खट्कन सुटला आणि पुढच्या क्षणी ते धाडकन खाली आलं. मेव्हणा नेमका खाली मांडी घालून कांदा चिरत होता म्हणून वाचला. उभा असता तर टाके पडले असते.

मी टेकूला शिव्या घातल्या आणि नवा बसवला. पंधरा दिवसांत तोही निघाला. मग आणखी मजबूत बसवला, त्यानं तर झाकणाचा पत्राच वाकवला. शेवटी वाळूजला लेथवर काम करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी टेकूकडे बघितलंसुद्धा नाही. तो जिथं अडकवला होता त्या लाकडात पेचकस खुपसला, तो दोन पेरं आत गेला. म्हणाले, "इसका पांवच सडेला है साब, हात क्या करेगा?"

खाली लिहिलंय ते सगळं त्या एका वाक्यातून आलंय. ज्यांनी नुकतीच जुनी कॅरव्हॅन, मॅटाडोरवर बांधलेलं फिरतं घर किंवा तसलीच एखादी मिनीबस घेतली आहे, आणि ज्यांच्या हातात टपावरच्या झाकणाचा टेकू निखळून आला आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

तुमचा टेकू कोणत्या जातीचा आहे?

जुन्या गाड्यांत चार प्रकार दिसतात. पहिला म्हणजे खाच पाडलेली पट्टी, सरळ किंवा कमानीसारखी. खाचेतून बोल्ट सरकतो आणि विंग नट बोटांनी आवळलं की झाकण हवं तिथं थांबतं. दुसरा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि मध्ये पिळायची मूठ. तिसरा कात्रीसारखा दोन पट्ट्यांचा, बहुतेक वेळा स्प्रिंग लावलेला. चौथा गॅसचा, ज्याला गॅरेजवाले डिकीचा शॉकर म्हणतात.

पहिले दोन घर्षणावर धरतात, तिसरा स्प्रिंगच्या ताणावर आणि चौथा नळीत कोंडलेल्या नायट्रोजनच्या दाबावर. दुरुस्तीची पद्धत या फरकावर ठरते. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात जुन्या गाडीला साधी खाचेची पट्टीच बरी. बिघडली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी तासाभरात नवी होते. गॅसचा शॉकर गेला की गेला.

हात लावण्याआधी

एक बांबू किंवा दीड इंची लाकडी पट्टी झाकणाच्या उंचीला कापून घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, म्हणजे ती घसरणार नाही. झाकण उघडून ही काठी लावायची आणि मगच टेकू सोडवायचा. टेकू शाबूत वाटत असला तरीही. दुसरा माणूस सोबत हवा, पण त्याच्या हातावर झाकण ठेवून काम करू नका. त्याला फोन येतो.

काम सकाळी करा. दहानंतर टपाचा पत्रा तापतो, त्यावर गुडघा टेकवत नाही आणि सीलंटही (फटीतून पाणी शिरू नये म्हणून भरायचा लेप) नीट पसरत नाही. टपावर चढणार असाल तर पत्र्याच्या मधोमध पाय देऊ नका, खालच्या आडव्या पट्ट्या जिथं आहेत त्या रेषेवर फळी टाकून बसा. पत्र्याला एकदा पोचा पडला की पाणी तिथंच साचतं.

सामान फारसं लागत नाही. पेचकस, पाने, पक्कड, ड्रिल मशीन, कानस, सुतारी टोचा, गुण्या, पॉप रिव्हेटची गन, डोळ्यांना चष्मा आणि बॅगा तोलायचा हुकाचा काटा. काटा कशाला ते पुढे येईल.

बूड

टेकूचं खालचं टोक झाकणाच्या चौकटीत बसतं आणि वरचं झाकणात. दोन्हीकडचे स्क्रू काढायच्या आधी बोटानं हलवून बघा. टेकू घट्ट असून त्याची पाटी (स्क्रूंनी बसवलेली बुडाची पट्टी) मात्र लाकडासकट डुलत असेल, तर दुखणं तिथं आहे.

आता टोच्यानं चौकट टोचत चला. स्क्रूच्या आसपास चार बोटं तरी, आणि कोपऱ्यात तर नक्की. चांगल्या लाकडात टोचा जेमतेम रुततो आणि ओढून काढावा लागतो. कुजलेल्यात तो बिस्किटात जावा तसा जातो. प्लायवूड असेल तर बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐका. थर सुटले असतील तर पोकळ, भद्द असा आवाज येतो. काळपट डाग आणि गंजलेल्या स्क्रूभोवती निळसर-काळं वर्तुळ दिसलं तर पाणी कैक पावसाळे आत येतंय.

म्हणजे टेकू पडण्याचं मूळ वरचं सीलंट असतं. ते तडकतं, जूनमध्ये पाणी मुरतं, लाकूड मऊ होतं, स्क्रूची पकड जाते, झाकण डुलायला लागतं आणि मग एखाद्या वाऱ्यात टेकू निखळतो. आपण शेवटची कडी पकडून बसतो.

स्क्रू निघत नसतील तर जोर करू नका, डोकं झिजलं की काम दुप्पट होतं. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून त्याचे चार थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पेचकसाच्या बुडावर हातोडीनं दोन हलके ठोके मारा आणि मग फिरवा. तरीही नाही निघाला तर सोल्डरिंगची इस्तरी डोक्यावर दोन मिनिटं टेकवा. गॅसची बत्ती मात्र कदापि नको. पत्र्याच्या मागे लाकूड असतं, थर्माकोल असतो, कधी फोमही असतो. धूर दिसेपर्यंत आग आतून पसरलेली असते. शेवटचा उपाय म्हणजे डोकं ड्रिलनं उडवायचं आणि उरलेला दांडा पकडीनं पिळून काढायचा.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू असेल तर त्याच्याभोवती पांढरी भुकटी सापडेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसताच गरगर फिरतो. भुकटी ब्रशनं साफ करा. नव्या वेळी स्टीलच्या पाटीखाली नायलॉनचा किंवा रबरी वॉशर घाला आणि स्क्रूला बसवताना सीलंटमध्ये बुडवा. पाणी दूर राहिलं की झीज थांबते.

भोक भरणं

लाकूड चांगलं आहे, फक्त भोक सैल झालंय, एवढंच असेल तर काम सोपं. भोक ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं साफ करा, त्यात सागाची गोल खुंटी एपॉक्सी लावून ठोका आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. मग वरचं टोक कापून नव्यानं बारीक भोक पाडा. हे बारीक भोक पाडायचा कंटाळा करू नका, सरळ स्क्रू पिळलात तर खुंटी उभी चिरते. काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल ही घरगुती युक्ती खिडकीच्या कडीला चालते. हलत्या गाडीत झाकणाचा धक्का घेणाऱ्या स्क्रूला ती एक उन्हाळाही पुरत नाही. मी करून बघितलंय.

लाकूड कुजलेलं असेल तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. कुजलेल्याच्या पुढे चांगल्या लाकडात दोन इंच जा आणि तिथं तिरका छेद घ्या. तिरक्या छेदाला गोंद धरायला जास्त जागा मिळते. भोवतालचं लाकूड खणखणीत वाळू द्या. मराठवाड्यात उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका. मग त्याच मापाचा सागाचा तुकडा एपॉक्सीनं आणि दोन स्क्रूंनी बसवा. साग महाग वाटला तर जुन्या दाराची चौकट भंगारात शोधा. वाडे पाडल्यावर निघालेला साग नव्यापेक्षा जास्त वाळलेला असतो, आणि असा माल आपल्याकडे गावोगावी मिळतो.

यानंतरची एक पायरी बहुतेक जण गाळतात. टेकूची पाटी थेट लाकडावर न बसवता खाली ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घाला. धक्का दोन स्क्रूंवर न येता सहा स्क्रूंवर वाटला जातो. झाकणाच्या बाजूला तर ही पट्टी हवीच, कारण तिथला पत्रा पातळ असतो. आरपार बोल्ट टाकत असाल तर वरून मोठा वॉशर आणि त्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी.

चौकट लोखंडी असून आटे गेले असतील तर दोन वाटा आहेत. भोक मोठं करून नवे आटे पाडून घ्या, नाहीतर रिव्हेट नट, म्हणजे भोकात रिव्हेटसारखं दाबून बसवायचं आट्यांचं नट, बसवा. नळीची भिंत पातळ असेल तर रिव्हेट नटच बरं, कारण पातळ पत्र्यात आटे धरत नाहीत.

आणखी एक. अ‍ॅल्युमिनियम उन्हात वाढतं. मीटरभर लांबीला ४० अंशांच्या फरकानं जवळपास १ मिलिमीटर. म्हणून लांब पट्टी असेल तर एका टोकाचं भोक गोल ठेवा, दुसऱ्याचं कानशीनं थोडं लांबट करा. नाहीतर मेमध्ये पट्टी फुगून स्क्रूवर ताण येतो.

आता टेकू

खाचेची पट्टी आणि सरकती नळी यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. नवखा माणूस सगळ्यात आधी हेच करतो. हे टेकू घर्षणावर धरतात, तेल लागलं की धरतील कशाला? शिवाय ग्रीसमध्ये आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की ते कानशीसारखं घासतं. नळ्या वेगळ्या करा, डिझेलच्या फडक्यानं पुसा, मग साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा पूर्ण घालवा आणि वाळवा. खरखरत असेल तर बारीक पॉलिश पेपर. पट्टी झिजून गुळगुळीत झाली असेल तर विंग नटाच्या आत चामड्याचा वॉशर घाला. चप्पल शिवणाऱ्या मामांकडून जाड चामड्याचा रुपयाएवढा तुकडा पाडून आणा, मध्ये भोक पाडा. पकड अशी येते की बोटांनी आवळलेलं नट वाऱ्यातही सरकत नाही.

पट्टी वाकली असेल तर ऐरणीवर सरळ होते, पण खाचेशी तडा असेल तर नवी करा. २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, जुनी समोर ठेवून भोकं मारायची. भोकाच्या कडा कानशीनं घासा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग. जिथं सांधा फिरतो तिथं नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेलं) वापरा. साधं नट गाडीच्या हादऱ्यांनी सुटतं आणि भाजीत पडतं.

कात्रीच्या टेकूत स्प्रिंग आहे, तिथं सावध. झाकण बंद असताना स्प्रिंग बहुधा सर्वात जास्त ताणलेली असते. म्हणून झाकण पूर्ण उघडून, काठी लावून, डोळ्यांवर चष्मा घालूनच ती काढा. तिचं वेटोळं कुठं फाकलं असेल तर वेल्डिंग करून किंवा आखडून वापरू नका, तशीच नवी मिळवा. मधला पिव्होट, म्हणजे पट्ट्या ज्यावर फिरतात तो सांधा, सैल झाला असेल तर जुना रिव्हेट ड्रिलनं काढून त्या जागी बोल्ट, दोन्ही पट्ट्यांमध्ये नायलॉनचा वॉशर आणि नायलॉक नट.

गॅसच्या शॉकरचं गणित

माझ्या झाकणाचा पत्रा वाकला तो इथं. मोठ्या गाडीच्या डिकीचे दोन शॉकर मी लावले होते, अंगावर ४०० एन लिहिलेले. एन म्हणजे न्यूटन, साधारण १० न्यूटन म्हणजे १ किलोचा जोर. दोघांचे मिळून ८० किलो! माझ्या झाकणाला हवे होते दहा.

तुम्हाला किती हवा ते असं काढा. टेकू काढून टाका, झाकण नेहमी जितकं उघडतं तितकं काठीवर उघडा. हुकाचा काटा मुठीला अडकवा आणि झाकणाशी काटकोनात ओढा, काठी सैल होईल इतकंच. माझ्या काट्यावर २ किलो आले. बिजागरीपासून मुठीपर्यंत ६० सेंटिमीटर. गुणाकार १२०. आता शॉकरची दोन टोकं जिथं बसणार तिथं दोरी ताणा आणि बिजागरीपासून त्या दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर गुण्यानं मोजा. माझं १२ सेंटिमीटर. १२० भागिले १२ म्हणजे १०, तर दोन्ही शॉकरना मिळून १० किलो आणि एकेकाला ५ किलो, म्हणजे ५० न्यूटन. त्यावर पाचवा हिस्सा जादा धरा, ६० न्यूटन. एवढे हलके शॉकर गाड्यांच्या दुकानात मिळत नाहीत, मॉड्युलर किचनचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. कपाटाच्या दारांसाठी ६०, ८०, १०० असे ते येतात. धुळीत त्यांचं आयुष्य कमी असतं हे मान्य, पण पत्रा तरी वाकत नाही.

काट्यावर अपेक्षेपेक्षा फारच जास्त वजन आलं तर थांबा. झाकणाच्या आतलं प्लायवूड पाणी प्यायलेलं असू शकतं, किंवा वर रंगाचे पाच थर चढलेले. आधी ते उतरवा.

लांबी मोजताना सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, झाकण उघडं असताना आणि बंद असतानाही. बंद झाल्यावर शॉकरचा दांडा आणखी ५ ते १० मिलिमीटर आत जाऊ शकला पाहिजे. तोच शेवटाला टेकत असेल तर दर वेळी झाकण आपटताना चौकट फाटत जाते. दांड्याची बाजू खाली चौकटीकडे आणि जाड नळी वर झाकणाकडे. आतलं थोडंसं तेल त्यामुळे सीलपाशी राहतं आणि सील वाळत नाही. आपल्याकडे बघावं तिथं उलटे लावलेले असतात.

गॅसचा दाब तापमानावर चालतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी टपाखाली ६० अंश, यांत जोराचा फरक सहाव्या हिश्श्याएवढा पडतो. म्हणून झाकण थंडीतही थांबतं का ते एकदा पहाटे तपासा.

दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला किंवा हातानं तो अलगद आत गेला, तर शॉकर संपला. तो दुरुस्त होत नाही. कुणी गॅस भरून देतो म्हटलं तरी नको. त्याला ड्रिल, हॅक्सॉ, आग यांतलं काही लावू नका, आत गॅस मोठ्या दाबानं भरलेला असतो. भंगारवाल्याला देताना तेवढं तोंडानं सांगा, कारण तो शॉकर पुढे कटरवर जातो.

रबर आणि बिजागरी

झाकणाखालचं रबर कडक झालं की झाकण नीट बसत नाही, मग आपण हुक ओढून ओढून लावतो आणि तो सगळा ताण टेकूच्या बुडावर जातो. वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना सारखी अडली पाहिजे. जिथं सहज सुटते तिथून पाणी येतं. दाराचं बीडिंग (गाडीच्या दाराच्या कडेचं रबर) मीटरवर मिळतं. जुनं पूर्ण खरवडून नवं चिकटवा, आणि जोड बिजागरीच्या बाजूला घ्या.

बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला आहे ना, हेही बघून घ्या. मागच्या बाजूला असेल तर चालत्या गाडीत वारा झाकणाखाली शिरतो. तसं असेल तर हुकाशिवाय एक पट्टा आतून बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गॅसचा शॉकर असेल तर पट्टा दोन्ही प्रकारांत हवा, कारण बंद झाकणालाही तो वर ढकलतच असतो.

आहे त्या झाकणाचा टेकू बदलणं ही निव्वळ दुरुस्ती आहे. पण जमत नाही म्हणून टपाला नवं, मोठं भोक पाडायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, आणि जुन्या गाडीची तपासणी तशीही कटकटीची असते.

बसवल्यावर

झाकण वीसेक वेळा उघड-बंद करा. मधल्या प्रत्येक उंचीला सोडून बघा. मग कुणाला तरी टपावर बादलीभर पाणी ओतायला लावा आणि तुम्ही आत बॅटरी घेऊन कोपऱ्यात बघत बसा. थेंब लगेच येत नाही, दहा मिनिटं वाट बघा.

पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळी नटं एकदा तपासा. आम्ही ते अंबाजोगाईच्या वाटेवर, चहाच्या टपरीपाशी केलं. सहापैकी दोन स्क्रू पाव पाव फेरा घेत होते. चाचांनी दिलेली बांबूची काठी अजून सीटखाली आहे, आणि वारा सुटला की मेव्हणा आधी ती लावतो आणि मगच कांदा चिरायला बसतो.